नमुन्यावरून बनवलेला इंजिन माउंटिंग बोल्ट विमानाला चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमचं फास्टनरचं (नट-बोल्टचं) युनिट आहे, ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिन माउंटिंगचे १०.९ आणि १२.९ ग्रेडचे (मजबुतीच्या वर्गाचे) बोल्ट तुम्ही रोज काढता. बाहेरगावच्या एका पार्टीनं ट्रेनर विमानाच्या इंजिन माउंटचे तीन सुती (३/८ इंची) बोल्ट नमुन्याला पाठवलेत आणि म्हणते, ‘सेम टू सेम बनवून द्या, सोबत टेस्ट सर्टिफिकेट द्या.’ त्याच पार्सलमध्ये काही जुने, काढलेले बोल्ट आहेत. ते क्रॅक टेस्ट करून, ‘ओके’ लिहून परत हवेत. तुमचं म्हणणं, आमचा १२.९ चा बोल्ट त्यांच्या नमुन्यापेक्षा जास्त लोड घेतो, लॅब एनएबीएलची (राष्ट्रीय मान्यतेची) आहे, मग अडचण कुठं आहे?

सरळ उत्तर आधी देतो: दोन्ही कामं आहे त्या स्वरूपात घेऊ नका. मी विमानाच्या इंजिन ओव्हरहॉलमध्ये बरीच वर्षं क्वालिटी बघितली, आता कोल्हापुरात फाउंड्री-फोर्जिंगवाल्यांची एनडीटीची, म्हणजे वस्तू न मोडता करायच्या तपासणीची, कामं बघतो. त्यामुळं ‘विमानवाले उगाच भाव खातात’ हे उद्यमनगरातलं (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातलं) वाक्य मलाही पाठ आहे. काही अंशी ते खरंही आहे. या बोल्टच्या बाबतीत नाही.

तुम्ही विचारलंय, कोणकोणत्या टेस्ट केल्या म्हणजे बोल्ट विमानासाठी पास म्हणता येईल. गोची इथंच आहे. बोल्टची खरी परीक्षा घेणाऱ्या टेस्ट बोल्ट मोडूनच होतात. टेन्साइलला (ताणून बघायला) लावला की तुटतो. डबल शिअरला लावला की कापला जातो. फटीग (पुन्हापुन्हा भार देऊन थकवणाऱ्या) मशीनवर चढवला की हजारो फेऱ्यांनंतर कधीतरी आट्यात मोडतो. डोक्याचा ग्रेन फ्लो (धातूच्या रेषांची वळणं) बघायचा तर बोल्ट उभा चिरावा लागतो. जो बोल्ट शेवटी विमानात बसतो त्याच्यावर यातलं काहीच झालेलं नसतं. फार तर गेज, हार्डनेस आणि क्रॅक टेस्ट. म्हणजे त्याची हमी त्याच्या भावंडांवरून द्यायची असते. ती भावंडं खरोखर सख्खी आहेत का, एकाच हीट नंबरच्या (पोलादाच्या एकाच ओतीच्या) बारमधली, भट्टीच्या एकाच चार्जमधली, प्लेटिंगच्या एकाच बॅचमधली आहेत का, हे छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. विमानाच्या बोल्टचं प्रमाणपत्र म्हणजे मुख्यतः हे सांगणं. टेस्टचे आकडे त्याच्या पाठोपाठ येतात.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी नाहीत. विमान नागरी आहे की लष्करी? नागरी असेल तर डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं महासंचालनालय). लष्करी असेल तर सेमिलॅक आणि डीजीएक्यूए या संरक्षण खात्याच्या संस्था, आणि तिथली वाट पूर्ण वेगळी. बोल्ट एएन, एमएस, एनएएस अशा प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी स्टँडर्डमधला आहे की विमान कंपनीच्या स्वतःच्या पार्ट नंबरचा? आणि ते विमान उडतं की नाही? हे शेवटचं विचारायला लाजू नका. एअरक्राफ्ट मेंटेनन्स शिकवणाऱ्या कॉलेजात जमिनीवर उभी केलेली इंजिनं असतात, पोरं ती वर्षभर खोलतात आणि बसवतात. तसल्या इंजिनासाठी तुमचा बोल्ट खुशाल द्या; फक्त चलनावर आणि बिलावर ‘उड्डाणासाठी नाही’ असं ठळक लिहा आणि डोक्यावर एएनची खूण अजिबात मारू नका. पुढचं सगळं उडणाऱ्या नागरी विमानाबद्दल आहे असं धरून चला.

मजबुतीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तिथंच बहुतेकांची फसगत होते. नमुन्याच्या डोक्यावर फुलीसारखी किंवा चांदणीसारखी उठावाची खूण असेल तर तो बहुधा एएन मालिकेतला अलॉय स्टीलचा बोल्ट आहे. त्याची किमान टेन्साइल १,२५,००० पीएसआय, म्हणजे साधारण ८६० मेगापास्कल. आपल्या हिशेबात ८.८ (८००) आणि १०.९ (१०४०) यांच्या मधला, तोही ८.८ कडं झुकलेला. हार्डनेस रॉकवेल सी २६ ते ३२. तुमचा १२.९ किमान १२२० मेगापास्कलचा आणि ३९ ते ४४ रॉकवेलचा. म्हणजे हो, तुमचा बोल्ट जास्त लोड घेणारच. विमानाचा बोल्ट ट्रॅक्टरच्या हेड बोल्टपेक्षा मऊ असतो हे ऐकून आपल्याकडचे मेस्त्री हसतात. पण डिझाइन करणाऱ्यानं तो मऊ ठेवलाय तो जाणूनबुजून.

इंजिन माउंटवर एकदाच मोठा झटका येऊन बोल्ट तुटला असं क्वचितच होतं. तिथं दर सेकंदाला थरथर असते आणि बोल्ट मरतो तो फटीगनं, आट्याच्या मुळाशी. कडक बोल्टला खाच, ओरखडा, गंजाचा खड्डा यांचं वावडं जास्त. एका ओरखड्यापासून क्रॅक सुरू झाली की ती थांबायला मटेरियलमध्ये चिवटपणा उरलेला नसतो. शिवाय काही ठिकाणी बोल्ट किंवा पिन ठरावीक लोडला तुटावी अशीच योजना असते. बोइंग ७४७ चं इंजिन पंखाला लटकवणाऱ्या पायलॉनमध्ये फ्यूज पिना असतात. इंजिनावर भलताच भार आला तर पिन कापली जावी, इंजिन सुटून जावं, पण पंख आणि त्यातली इंधनाची टाकी फाटू नये, हा त्यांचा उद्देश. तिथं कुणी ‘जास्त मजबूत’ पिन घातली तर त्यानं संरक्षणच काढून टाकलं.

याच पिनांची दुसरी बाजूही आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एल अल कंपनीचं मालवाहू ७४७ इमारतींवर कोसळलं, ४३ माणसं गेली. उजव्या पंखाचं आतल्या बाजूचं इंजिन पायलॉनसकट सुटलं आणि जाता जाता त्यानं शेजारचं इंजिनही तोडून नेलं. चौकशीत बोट गेलं ते फ्यूज पिनमधल्या फटीग क्रॅककडं. एवढंसं पोलादाचं नळकांडं, ताकदीला आकड्यांत पास, आणि आत क्रॅक वाढत होती.

आता हायड्रोजनबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण १२.९ च्या बोल्टचं खरं दुखणं हे आहे आणि आपल्याकडं ते सगळ्यात कमी मनावर घेतलं जातं.

बोल्ट प्लेटिंगला गेला की आधी ॲसिडमध्ये पिकलिंग होतं, मग टाकीत करंट देऊन झिंक किंवा कॅडमियम चढवतात. दोन्ही वेळेला हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरतो. बोल्ट नुसता पडून असेल तर काही होत नाही. तो आवळला, ताणाखाली राहिला, की हायड्रोजन जिथं ताण सर्वात जास्त तिथं, म्हणजे आट्याच्या मुळाशी किंवा डोक्याखालच्या फिलेटला (गोलाईला) जमतो. आणि मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, बोल्ट त्याच्या ठरलेल्या लोडपेक्षा बऱ्याच कमी भारावर कट्कन तुटतो. डोकं हातात येतं. वाकणं नाही, लांबणं नाही. तुटलेला भाग भिंगाखाली धरला तर दाणेदार, चमकदार दिसतो. रॉकवेल सी ४० च्या आसपास आणि पुढं हा धोका झपाट्यानं वाढतो. एएनच्या ३० च्या आसपासच्या बोल्टला तो जवळपास नसतो. मऊ ठेवण्यामागचं हेही एक कारण.

यावर उपाय बेकिंगचा. विमानाच्या कॅडमियम प्लेटिंगच्या स्पेसिफिकेशनप्रमाणं ४० रॉकवेल आणि त्याहून कडक पार्ट प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये गेला पाहिजे आणि १९० अंश सेल्सिअसच्या आसपास किमान २३ तास राहिला पाहिजे. तुमचा प्लेटिंगवाला काय करतो ते एकदा स्वतः जाऊन बघा. संध्याकाळी टाकीतून काढलेला माल रात्रभर क्रेटमध्ये आणि सकाळी दोन तास ओव्हनला, हे मी इथं डोळ्यांनी पाहिलंय. टेम्परेचरचा चार्ट मागितला तर ‘साहेब, हात लावून बघा की, गरम आहे.’ ट्रॉलीच्या ब्रॅकेटला चालतं ते. आणि प्रक्रिया नीट चालली की नाही हे पडताळायची टेस्ट आहे एएसटीएम एफ-५१९: खाच पाडलेले नमुने त्याच टाकीत प्लेट करायचे, त्यांच्या मोडण्याच्या लोडच्या ७५ टक्के लोडवर २०० तास टांगून ठेवायचे, एकही तुटता कामा नये. म्हणजे आठ दिवसांहून जास्त. तुमच्या पार्टीला सर्टिफिकेट कधी हवंय? परवा? क्रॅक टेस्टमध्ये हायड्रोजन दिसत नाही, हार्डनेसमध्ये दिसत नाही, त्याच दिवशी केलेल्या टेन्साइलमध्ये बहुधा दिसत नाही.

प्लेटिंगचाच आणखी एक घोळ. नमुन्याचा पिवळसर सोनेरी रंग बघून तुम्ही ‘यलो झिंक’ कराल. रंग इतका जुळतो की डोळ्यांनी फरक कळत नाही. पण ते कॅडमियम आहे. ॲल्युमिनियमच्या शेजारी कॅडमियम चांगलं टिकतं, आणि मुख्य म्हणजे त्याचं घर्षण झिंकपेक्षा वेगळं. विमानाच्या टॉर्कच्या आकड्यांत ते घर्षण गृहीत धरलेलं असतं. घर्षण बदललं की त्याच टॉर्कला बोल्टमधला ताण बदलतो. आकडे बघा: अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत ३/८-२४ आट्याच्या बोल्टला १६० ते १९० इंच-पाउंड दिलेत, म्हणजे १८ ते साडेएकवीस न्यूटन-मीटर. तेही विमानाच्या मॅन्युअलनं स्वतःचा आकडा दिला नसेल तरच. आपण एम१० च्या १०.९ बोल्टला साठ-सत्तर न्यूटन-मीटर सहज देतो. (जाता जाता: कॅडमियम विषारी आहे. जुने बोल्ट ग्राइंडरला लावू नका, गॅसनं तापवू नका.)

आटे आणि डोकं. तुमच्याकडं थ्रेड रोलिंग हार्डनिंगच्या आधी होतं, डाय टिकतात म्हणून. ऑटोमोबाइलमध्ये ती सर्रास पद्धत आहे, चूक काही नाही. विमानाच्या १,६०,००० पीएसआय आणि वरच्या बोल्टमध्ये मात्र रोलिंग हार्डनिंगनंतर करतात, कारण रोलिंगनं आट्याच्या मुळाशी दाबाचा ताण बसतो आणि तो फटीगला अडवतो. नंतर भट्टीत घातलं की तो निघून जातो. डोकं फोर्ज केलेलं असतं. बोल्ट उभा चिरून, पॉलिश करून ॲसिडनं एच केला की बारमधल्या धातूच्या रेषा दांड्यातून वर येऊन डोक्याखाली वळताना दिसतात. हेक्स बारमधून सीएनसीवर टर्न केलेल्या बोल्टमध्ये त्याच रेषा फिलेटपाशी सरळ कापलेल्या दिसतात. बाहेरून दोन्ही बोल्ट मायक्रोमीटरला सारखे. पार्टीची घाई बघून कुणीतरी हेक्स बारचाच रस्ता सुचवणार, म्हणून लिहिलं.

तर इथवर काय झालं? हायड्रोजन, रोलिंगचा क्रम, ग्रेन फ्लो, प्लेटिंगची जात: बोल्टचं आयुष्य ठरवणाऱ्या या चारही गोष्टी तयार बोल्ट हातात धरून सांगता येत नाहीत. त्या बनवताना लिहून ठेवाव्या लागतात.

‘सेम टू सेम’ हा शब्द विमानात इतका धोक्याचा का, तेही सांगतो. आपलं कोल्हापूर नमुन्यावरून वस्तू घडवण्यावरच मोठं झालं. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथं घडवला, उद्यमनगरानं ऑइल इंजिनचे कित्येक पार्ट फक्त जुना तुकडा समोर ठेवून काढले. त्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण नमुना बरोबर आहे हे कुणी सांगितलं? १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत असताना उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी काच बदलताना जुने बोल्ट नमुन्याला धरून नवे निवडले होते, कॅटलॉग न बघता. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासानं ०.०२६ इंच, म्हणजे ०.६६ मिलिमीटर बारीक होते. उरलेल्या ६ ची लांबी कमी. आणि गंमत बघा, जे जुने बोल्ट नमुना म्हणून धरले तेच मुळात चुकीचे होते. आधी कुणीतरी तसेच घातले होते.

नमुना नकलीही असू शकतो. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या एका कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, ५५ जण गेले. शेपटीचा उभा भाग धरणारे काही बोल्ट, पिना, स्लीव्ह अस्सल नव्हते आणि ताकदीला कमी होते. तुमच्या हातातला नमुना अस्सल आहे याचा कागद पार्टीनं दिलाय का?

आता कागदांकडं येऊ. तुमच्याकडं चार वेगळे कागद एकाच ‘सर्टिफिकेट’ नावाखाली ढवळले गेलेत. पोलाद मिलची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) सांगते की या हीट नंबरच्या बारची केमिस्ट्री अशी आहे. लॅबचा टेस्ट रिपोर्ट सांगतो की आमच्याकडं आलेल्या तुकड्याचा निकाल असा आला. एनएबीएलच्या रिपोर्टवर तळाला ‘निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते’ अशा अर्थाची ओळ असते, ती वाचा. तिसरा, सर्टिफिकेट ऑफ कॉन्फॉर्मिटी: उत्पादक स्वतः सांगतो की हा लॉट अमुक स्टँडर्डच्या सगळ्या कलमांप्रमाणं बनलाय. सगळ्या म्हणजे सगळ्या, रोलिंगच्या क्रमापासून बेकिंगच्या चार्टपर्यंत. आणि चौथा ऑथराइज्ड रिलीज सर्टिफिकेट, आपल्याकडं डीजीसीएचा सीए फॉर्म १, युरोपात ईएएसए फॉर्म १, अमेरिकेत एफएए ८१३०-३. हा मान्यताप्राप्त उत्पादन संस्था किंवा सीएआर-१४५ (डीजीसीएच्या मेंटेनन्सच्या नियमा)ची मान्यता असलेली मेंटेनन्स संस्थाच देऊ शकते. तुम्ही नाही, मी नाही, आपली लॅब नाही.

एएन, एनएएससारख्या स्टँडर्ड बोल्टला चौथा कागद लागतोच असं नाही. विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये तोच स्टँडर्ड नंबर लिहिलेला असेल आणि बोल्टसोबत उत्पादकापर्यंत माग लागणारा कॉन्फॉर्मिटीचा पुरावा असेल, तर तो बसवता येतो. म्हणजे कायद्यानं कोल्हापुरात एएन बोल्ट बनवायला बंदी नाही. पण ‘एएनप्रमाणे’ असं सहीनिशी लिहायला ते स्टँडर्ड आणि त्याखालची सगळी स्पेसिफिकेशन्स हातात हवीत, नमुना नव्हे. कंपनीच्या पार्ट नंबरचा बोल्ट असेल तर विषयच संपला. ड्रॉइंग त्यांचं, मान्यता त्यांची, तुम्ही त्यांचे मंजूर सप्लायर असाल तरच.

आणि पार्टी ‘टेस्ट सर्टिफिकेट’ इतकंच का मागतेय, याचाही विचार करा. तुमचा निरुपद्रवी टेस्ट रिपोर्ट पुढं कुणाच्या फाइलमध्ये कशाच्या जागी लावला जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. २०२३ मध्ये लंडनच्या एका व्यापारी कंपनीनं जेट इंजिनांचे पार्ट खोट्या रिलीज सर्टिफिकेटवर जगभर विकल्याचं उघडकीला आलं. कित्येक विमान कंपन्यांना इंजिनं उतरवून पार्ट काढावे लागले. तिथंही पार्टपेक्षा कागदच विकला गेला होता. आपल्याकडं १९३४ च्या एअरक्राफ्ट ॲक्टच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. तुमचा वकील काय सांगायचं ते सांगेल. मी एवढंच म्हणतो की सही तुमची असेल.

जुन्या बोल्टचं. हे काम वरकरणी सोपं वाटतं: मॅग्नेटिक पार्टिकल केलं, लाइन दिसली नाही, ओके. विमानाच्या शॉपमध्ये ते कसं चालतं ते बघा. बोल्ट आधी सॉल्व्हंटनं धुतात. वायर ब्रश नाही, बफिंग नाही, ब्लास्टिंग नाही. बफिंगनं धातू क्रॅकच्या तोंडावर ओढला जातो आणि कॅडमियम जातं ते वेगळंच. मग बोल्ट कॉइलच्या आत, कॉइलच्या मध्यरेषेला समांतर धरून मॅग्नेटाइज करतात, कारण आपल्याला हवी असलेली क्रॅक दांड्याला आडवी असते आणि ती पकडायला फील्ड लांबीच्या दिशेनं जावं लागतं. बोल्ट आखूड असेल तर फील्ड नीट बसत नाही, टोकाला लोखंडाचा जोडतुकडा लावावा लागतो. वरून फ्लुओरोसंट पावडरचं द्रावण. ते १०० मिलिलिटरच्या नळीत निवळत ठेवून बघतात, खाली ०.१ ते ०.४ मिलिलिटर गाळ बसला पाहिजे. काळोख्या खोलीत यूव्हीचा दिवा, बोल्टवर प्रति चौरस सेंटिमीटर किमान १००० मायक्रोवॅट, आणि बाकीचा उजेड जेमतेम २० लक्स. आत शिरल्यावर डोळे सरावायला किमान एक मिनिट थांबायचं. उन्हात काळा होणारा चष्मा चालत नाही, तो यूव्हीतही काळवंडतो.

मग बघायचं कुठं? डोक्याखालचं फिलेट, आटे जिथं संपतात ती जागा, आणि नटाच्या टेकणाऱ्या तोंडाशी येणारा पहिला आटा, कारण नटातल्या भाराचा साधारण एक तृतीयांश हिस्सा तो एकटाच घेतो. अडचण अशी की आट्याच्या मुळाशी द्रावण तसंही साचतं. सगळ्या बोल्टवर हिरव्या बारीक गोल रेषा दिसतात आणि नवा माणूस एक तर सगळे रिजेक्ट करतो किंवा सगळे पास. साचलेल्या द्रावणाची रेषा रुंद, पुसट आणि सगळीकडं सारखी. क्रॅकची रेषा ब्लेडनं ओढल्यासारखी, एका बाजूलाच आलेली, टोकाला निमुळती. पुसायची, डीमॅग्नेटाइज करायचं, पुन्हा सगळं करायचं. त्याच जागी तशीच परत आली तर ती क्रॅक. हे सगळं एनएएस ४१० (विमान उद्योगातल्या एनडीटी माणसांच्या पात्रतेचं स्टँडर्ड) प्रमाणं पात्र असलेल्या लेव्हल २ माणसानं करायचं. आपल्या फाउंड्रीतल्या पोरांकडं एसएनटी-टीसी-१ए ची (सर्वसाधारण उद्योगातली) पात्रता असते, हातात यॉक (हातात धरायचं चुंबक) आणि काळी शाई असते. कास्टिंगसाठी उत्तम, इथं गैरलागू. शेवटी बोल्ट ३ गॉसच्या खाली डीमॅग्नेटाइज करायचा, नाहीतर लोखंडाचा कीस धरतो.

आणि एवढं करूनही निकाल कशाशी ताडायचा? विमानाच्या मॅन्युअलमधल्या मर्यादांशी. दांड्याला नखाला लागेल अशी पायरी, घासून गेलेलं कॅडमियम, गंजाचे खड्डे, सरफेस प्लेटवर लोळवल्यावर दिसणारा बाक, यातलं काय किती चालतं हे मॅन्युअल सांगतं. ते पार्टीनं पाठवलेलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर लहान विमानाच्या स्टँडर्ड बोल्टवर एनडीटी करणं हाच पैशाचा अपव्यय आहे. तसल्या विमानात इंजिन धरणारे बोल्ट सहसा आठ: चार फायरवॉलला, चार रबरी आयसोलेटरना. कागदासकट नवे आठ बोल्ट क्रॅक टेस्टच्या खर्चापेक्षा फार महाग पडत नाहीत. शंका आली की जुना फेकून नवा घालावा. एनडीटी शोभते ती मोठ्या इंजिनांच्या महागड्या बोल्टना आणि पिनांना, जिथं मॅन्युअलच ती मागतं.

पार्टीला आज एक मेल टाका. तोंडी नको, फोनवर नको. विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगप्रमाणं बोल्टचा नंबर काय. स्टँडर्ड किंवा मंजूर ड्रॉइंग कुठल्या आवृत्तीचं. ऑर्डर देणाऱ्या संस्थेची डीजीसीए मान्यता कोणती आणि बोल्ट कशावर बसणार. जुन्या बोल्टसाठी मॅन्युअलचं कुठलं पान लागू. खरी मेंटेनन्स संस्था असेल तर ही माहिती तासाभरात येते, त्यांच्या रोजच्या कामातली आहे. ‘ते आमचं आम्ही बघू, तुम्ही फक्त बनवा’ असं उत्तर आलं तर तुम्हाला काय करायचं ते कळलंच. दरम्यान पार्सलमधला प्रत्येक बोल्ट टॅग लावून वेगळ्या डब्यात ठेवा. तुमच्या शॉपमध्ये तसाच दिसणारा माल पडलेला असतो. एक जरी अदलाबदल झाला तर शोधणार कसा? परत करताना चलनावर ‘तपासणी न करता परत’ लिहा आणि त्यांची पोच घ्या.

या धंद्यात खरंच उतरायचं असेल तर वाट लांब आहे, पण कोल्हापूरकरांना अशक्य नाही. आधी एएस ९१०० (विमान उद्योगाचं क्वालिटीचं स्टँडर्ड) ची सिस्टिम. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, एनडीटी या स्पेशल प्रोसेस स्वतः करणार असाल तर नॅडकॅप (स्पेशल प्रोसेसची मान्यता), नाहीतर ती असलेल्या बाहेरच्या शॉपकडं पाठवायची तयारी. मग एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाची मंजुरी आणि पहिल्या पीसचा एएस ९१०२ प्रमाणं संपूर्ण रिपोर्ट. बोल्टपासून सुरुवात करू नका. इंजिन स्टँड, ट्रॉली, उचलायची स्लिंग यांसारखं जमिनीवरचं सामान आधी घ्या. त्यात तुमचं मशिनिंग आणि वेल्डिंगचं कसब लागू पडतं आणि कागदाची शिस्तही अंगवळणी पडते.

मेलचं उत्तर आलं की बोल्टचा नंबर आणि डोक्यावरच्या खुणेचा फोटो इथं टाका. एएन निघाला तर त्याची कुठली स्पेसिफिकेशन्स मागवायची ते सांगतो.